डोके-मान शरीररचना कार्यशाळा : इम्प्लांट शिकणाऱ्या दंतवैद्यांनी अर्ज कसा भरावा

डोके-मान शरीररचनेची कार्यशाळा देहदानातून मिळालेल्या मृतदेहांवर होत असेल, तर तिचा अर्ज एखाद्या सेमिनारच्या नोंदणीइतका सुटसुटीत नसतो.

पात्रतेचा भाग सोपा. दंतवैद्यकाची पदवी आणि चालू नोंदणी एवढ्यावर सहसा भागतं. काही ठिकाणी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचं कृत्रिम दातमूळ) अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्याचा पुरावा किंवा मार्गदर्शकाचं पत्रही मागतात. नोंदणीची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधी उरका.

पदवी, नोंदणी आणि ओळखपत्र यांवर नाव एकच हवं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा सोबत जोडा. हिपॅटायटिस बीच्या लसीचं नुसतं कार्ड पुरेल असं धरून चालू नका. प्रतिपिंडांच्या तपासणीचा अहवालही मागितला जाऊ शकतो. लस लागू पडली असं मानायला प्रतिपिंडांची पातळी प्रति मिलिलिटर किमान १० मिली-आंतरराष्ट्रीय एककं (mIU/mL) लागते. गोठवून ठेवलेले अवयव फॉर्मेलिनमधून (मृतदेह टिकवण्याच्या रसायनातून) काढलेले नसतात, म्हणून तिथे संसर्गाची काळजी जास्त. फॉर्मेलिन वापरणार असतील तर दमा किंवा गरोदरपण अर्जातच कळवा.

हमीपत्र मात्र वाचून सही करा. फोटो काढायचे नाहीत, हॉलमधून काहीही बाहेर न्यायचं नाही, देहदात्याची ओळख कुठेही उघड करायची नाही, अशा अटी त्यात असतात. ‘आठवण म्हणून एक सेल्फी’ इथे अजिबात चालत नाही.

खरी मेहनत घ्यायची ती ‘सहभागाचा उद्देश’ या रकान्यावर. तिथे ‘ज्ञानवृद्धीसाठी’ लिहिणं म्हणजे रकाना कोराच ठेवणं. काय बघायचं आहे ते लिहा. उदाहरणार्थ, खालच्या दाढांच्या जागी जबडा जिभेच्या बाजूने आत खोल गेलेला असतो. ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेत) हा खळगा दिसत नाही. ड्रिल तिथून बाहेर निसटलं आणि जिभेखालची धमनी फाटली, तर तोंडाच्या तळाशी रक्त साठून जीभ वर उचलली जाते आणि श्वास कोंडू शकतो. हे वाचून कळतं, पण त्या हाडावरून बोट फिरवल्यावर पक्कं बसतं. हनुवटीच्या छिद्राजवळ नस (मज्जातंतू) पुढे वळसा घेऊन मागे येते का, सायनसच्या (वरच्या जबड्यातल्या हवेच्या पोकळीच्या) बाहेरच्या भिंतीत धमनी कुठून जाते, नसेपासून २ मिमी अंतर राखताना ड्रिलच्या टोकाची जास्तीची लांबी धरली का, हेही मुद्दे चांगले. असं नेमकं लिहिलंत तर टेबलावरच्या शिक्षकालाही तुम्हाला काय दाखवायचं ते आधीच कळतं.

स्वतःच्या रुग्णाचा सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) जोडणार असाल तर त्याची लेखी संमती घ्या आणि नाव काढून टाका. नुसतं फाइलचं नाव बदलून उपयोग नाही. डायकॉम (स्कॅन ज्या प्रकारात साठवतात त्या) फाइलच्या आतही रुग्णाची माहिती असते.

शेवटी मिळतं ते बहुधा हजेरीचं प्रमाणपत्र. इम्प्लांट बसवण्याची परवानगी म्हणून ते दाखवता येत नाही.