रेने क्लेर आणि रेने क्लेमाँ: पटकथा कोणाची?

‘फॉरबिडन गेम्स’ (1952) हा चित्रपट फ्रेंच दिग्दर्शक रेने क्लेर यांच्या नावावर टाकलेला अजूनही वाचायला मिळतो. तो दुसरे फ्रेंच दिग्दर्शक रेने क्लेमाँ यांचा आहे, आणि अभिनेते अलँ देलाँ यांची भूमिका असलेला ‘पर्पल नून’ही (1960) त्यांचाच. क्लेर पॅरिसचे, जन्म 1898. क्लेमाँ बोर्दोचे, जन्म 1913.

नावांचा हा गोंधळ एकवेळ क्षम्य आहे. दोघांनाही सरसकट ‘पटकथाकार-दिग्दर्शक’ म्हणणे मात्र नाही. वास्तुकलेचे शिक्षण घेतलेले क्लेमाँ लघुपट आणि माहितीपट करत कथापटांकडे आले. त्यांच्या 1936 च्या मुष्टियुद्धावरील लघुपटाची कथा विनोदी अभिनेते आणि पुढे दिग्दर्शक झालेले जाक ताती यांची होती. ‘फॉरबिडन गेम्स’ फ्रांस्वा बोये यांच्या कादंबरीवर बेतलेला असून त्याची पटकथा क्लेमाँ यांनी ओरांश आणि बोस्त या लेखकद्वयासह रचली. लेखनात त्यांचा हात असे, पण मूळ गोष्ट बहुधा दुसऱ्याची असे.

क्लेर यांचा प्रवास लेखणीपासूनच सुरू झाला. वृत्तपत्रात काम, मूकपटांत छोट्या भूमिका, चित्रपटसमीक्षा आणि एक कादंबरी असे करत आलेल्या या माणसाने ‘आ नू ला लिबेर्ते’ (1931) स्वतः लिहिला. त्याच वर्षीचा ‘ल मिल्याँ’ एका नाटकावर आधारलेला आहे, हे खरे; तरीही लॉटरीचे तिकीट असलेल्या कोटासाठी ऑपेराच्या रंगमंचावर झटापट चालू असताना ध्वनिपट्टीवर रग्बीच्या सामन्याचा गलका ऐकू येतो, ही गंमत मूळ नाटकातून आलेली नाही. आवाज आणि दृश्य यांची अशी फारकत कागदावरच ठरवणे म्हणजे पटकथालेखन, निव्वळ संवाद लिहिणे नव्हे. श्रेयनामावलीवरून पटकथाकार ठरवणाऱ्यांना हे का उमगत नाही, कोण जाणे. हॉलीवूडमध्ये क्लेर यांच्या चित्रपटांच्या पटकथांवर इतरांची नावे आली, आणि माझ्या मते तिथला त्यांचा सूर म्हणूनच काहीसा परका वाटतो. 1960 मध्ये ते फ्रेंच अकादमीवर, म्हणजे फ्रेंच भाषेच्या मानाच्या संस्थेवर, निवडले गेले.

तेव्हा समीक्षक असलेले, पुढे दिग्दर्शक झालेले फ्रांस्वा त्रुफो यांच्या 1954 मधील गाजलेल्या लेखाने या दोघांना एकाच फटक्यात निकालात काढले, असेही सांगितले जाते. त्या लेखाचा मुख्य रोख इतरांच्या कादंबऱ्यांची रूपांतरे करणाऱ्या ओरांश-बोस्त यांच्यावर होता, त्यामुळे त्याची झळ क्लेमाँ यांना लागणे समजू शकते. क्लेर यांना तो आरोप लागू होत नाही. मात्र स्वतः संवाद लिहिणाऱ्या दिग्दर्शकांची जी यादी त्रुफो यांनी कौतुकाने दिली, तिच्यात रेन्वार, ब्रेसाँ, ताती असूनही क्लेर नाहीत, आणि ही गाळणूक मला अन्यायाचीच वाटते.