मीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरी ट्रॉलीचा दिवा का लागत नाही?

कापूस वेचणी सुरू झाली की खानदेशातल्या रस्त्यांवर अंधार पडल्यावरही ट्रॉल्यांची ये-जा चालू असते, आणि त्यांतल्या कित्येकींचे मागचे दिवे बंद असतात. पुढे ट्रॅक्टर असो वा पिकअप, तक्रार एकच: "सॉकेटपर्यंत करंट येतोय, मीटर १२ व्होल्ट दाखवतोय, पण दिवा लागत नाही." मग बल्ब बदलतात, तरी अंधारच.

मीटर खोटं बोलत नाही, पण त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध सुमारे १ कोटी ओहम असतो, म्हणजे मोजताना तो जवळजवळ करंट खेचतच नाही. समजा, सॉकेटमधल्या गंजलेल्या पिनेला १०० ओहम रोध आहे. मीटरच्या नगण्य करंटला त्याचा अडथळा जाणवत नाही, म्हणून आकडा पूर्ण १२. ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपियर मागतो आणि त्याचा स्वतःचा रोध पेटलेला असताना जेमतेम ७ ओहम. ही ओढ लागली की जवळपास सगळे व्होल्ट त्या गंजातच खर्च होतात, बल्बच्या वाट्याला एकही पुरता उरत नाही. शेतात पाइपाचं तोंड हाताने दाबलं तर आत दाब पूर्ण असतो, पण पाणी पडत नाही, तसंच हे.

अर्धवट बिघाड तर जास्त फसवा. सांध्यात फक्त १ ओहम रोध असला तरी बल्बला दीड व्होल्ट कमी मिळतात. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने घटतो, त्यामुळे एवढ्याने एक तृतीयांशाहून जास्त उजेड जातो. मागून येणाऱ्याला ब्रेक लागलेला कळतच नाही.

म्हणून तपासणी दिवा चालू ठेवूनच करावी. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी बल्बच्या प्लसला लावा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत गळतायत. मग तेच बॅटरीच्या मायनसपासून बल्बच्या बॉडीपर्यंत. कुठल्याही बाजूला अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं, तर दोष तिकडे.

माझ्या मते आधी मायनसच बघावं. बहुतेक ट्रॉल्यांना अर्थची, म्हणजे मायनसकडे परतणारी, वेगळी वायर नसतेच. करंट हुकाच्या पिनेतून परततो, आणि तिथे ग्रीस, रंग, माती. इंडिकेटर दिला की टेल लाइटही मिणमिणायला लागला, तर अर्थ तुटलाय हे ओळखा: परतीची वाट न मिळाल्याने करंट दुसऱ्या बल्बच्या तारेतून पळतो. सातपिनी सॉकेटच्या आयएसओ १७२४ मानकात ३ नंबरची पिन अर्थची, वायर पांढरी. गावात जोडलेल्या ट्रॉलीत रंगांवर भरवसा नको, पण ही वेगळी वायर टाकाच. ट्रॉलीच्या बॉडीला जोडाल तिथला रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं करा. पिळून टेप गुंडाळलेला सांधा पावसात आतून हिरवा पडतो; तो कापून लग (वायरच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबून बसवा.

फ्यूज वारंवार उडत असेल तर बहुधा वायर कुठेतरी चासीला घासून उघडी पडलीय. तिथे फ्यूजऐवजी तांब्याची तार कधीच घालू नका. बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपियर देऊ शकते, बारीक वायर क्षणात लाल होते, आणि वर कापूस भरलेला असतो.