कोणी पाहिलं, कोणी सांगितलं

‘फॉलआउट ३’ (२००८) या व्हिडिओ गेममध्ये रिकाम्या घरातून दुसऱ्याची वस्तू उचलली, आसपास चिटपाखरू नसलं, तरी खेळाडूचं ‘कर्म’ घसरतं. पुढे थ्री डॉग नावाचा रेडिओ निवेदक त्या कर्माच्या आकड्यावरून खेळाडूला गावभर नावाजतो किंवा धारेवर धरतो. चित्रगुप्ताचा हिशेब म्हणून हे चालेल. पण माणसांत पत अशी ठरत नाही. कोणी पाहिलं आणि पुढे कोणाला सांगितलं, यावर ती ठरते.

१९९८ साली मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमुंड या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे गणितात मांडलं. त्यांच्या प्रारूपात प्रत्येकाच्या नावावर उणे ५ ते अधिक ५ असे गुण असतात. मदत केली की वाढतात, टाळली की घटतात, आणि तिऱ्हाईत माणूस ते गुण बघून मदतीचा हात पुढे करतो. असं सहकार्य टिकायला एक अट आहे: समोरच्याचे गुण माहीत असण्याची शक्यता ही मदतीचा खर्च भागिले मदतीचा फायदा, यापेक्षा जास्त हवी. मदतीला १ रुपया पडत असेल आणि घेणाऱ्याला ४ रुपयांचा लाभ होत असेल, तर चारातल्या एकाहून जास्त वेळा माणसाची कीर्ती आधी पोचलेली असावी लागते. म्हणजे सगळा खेळ बातमी पोचण्याचा आहे.

त्याच वर्षी आलेल्या ‘बाल्डर्स गेट’ या गेममध्ये पत म्हणजे २० पर्यंतचा एकच आकडा. तो चढला की दुकानात भाव उतरतात. मात्र त्यातली एक गोष्ट मला फार आवडते: पत घसरली की सज्जन साथीदार कुरकुरतात आणि सोडून जातात, फार वाढली की दुर्जन निघून जातात. आकडा तोच, पण प्रत्येकजण तो आपापल्या नजरेने वाचतो.

‘स्कायरिम’ (२०११) हा गेम साक्षीदार मोजतो. नेरूळला भाच्याने मला दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घालून दाखवली. “मावशी, बघ आता,” म्हणत त्याने शेल्फवरचं सगळं उचललं. दुकानदार ढिम्म. पात्राच्या डोळ्यांपासून खेळाडूपर्यंतची रेषा मोकळी आहे का, हे खेळ तपासतो. बादली आड आली आणि रेषा तुटली. शेवटचा साक्षीदार मारला तर डोक्यावरचं इनामही रद्द होतं. शिवाय प्रत्येक प्रांताचं इनाम वेगळं. ठाण्यात जांभळी नाक्यावर उधारी बुडवलेल्याला वाशीचा दुकानदार हसून माल देतो, तसंच हे. फरक इतकाच की ठाण्याहून वाशीला लोकल जाते, आणि तिच्यातून बातमीही जाते. खेळातल्या व्हाइटरन शहरातला गुन्हा रिफ्टन शहराला कधीच पोचत नाही.

‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ने (२०१०) प्रत्येक गटाकडे कीर्ती आणि बदनामी अशी दोन खाती ठेवली. एकातली जमा दुसऱ्यातली नावे पुसत नाही. मला हे माणसाच्या मनाच्या जास्त जवळचं वाटतं. वाईट अनुभव चांगल्यापेक्षा खोल ठसतो, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे.

आता प्रत्येक पात्राला स्वतःची छोटी वही का देऊ नये? कोणी काय केलं, मला कोणी सांगितलं, सांगणारा कितपत भरवशाचा. आजच्या संगणकाला ही साठवण किरकोळ आहे. अडतं ते संवादांवर, कारण प्रत्येक शक्यतेसाठी वेगळं वाक्य लिहावं आणि कलाकाराकडून बोलून घ्यावं लागतं. तरी भाव वाढवायला संवाद लागत नाही. रिफ्टनचा दुकानदार व्हाइटरनहून आलेल्या गाडीवानाशी बोलल्यावरच भाव वाढवेल, आणि गाडीवानाने वर्णन चुकीचं केलं असेल तर भलत्याच गिऱ्हाइकाला महाग विकेल, एवढं आजही करता येईल.