भाकरी, साखर आणि इन्सुलिन : ग्लायसेमिक निर्देशांकाची पार्श्वभूमी

खानदेशात मधुमेहाचे निदान झाले की घरातून आणि शेजारून मिळणारा पहिला सल्ला धान्य बदलण्याचा असतो : पोळी आणि भात कमी करा, ज्वारीच्या भाकरीवर या. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत दोन पिढ्यांपूर्वी भाकरी हेच रोजचे अन्न होते, त्यामुळे हा सल्ला सहज पटतो. त्याच्या समर्थनार्थ जे शास्त्र सांगितले जाते ते मात्र मुख्यतः १९८१ नंतरचे आहे, आणि ज्या मोजमापावर ते उभे आहे त्या ग्लायसेमिक निर्देशांकाविषयीचा, म्हणजे एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातील साखर किती चढते हे सांगणाऱ्या आकड्याविषयीचा, वाद अजून मिटलेला नाही.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९२१ मध्ये स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन वेगळे करता आले. तोपर्यंत मधुमेहाचे पथ्य म्हणजे कर्बोदके जवळपास बंद आणि पुष्कळदा सरळ उपासमार असे. १९६० च्या सुमारास रक्तातील इन्सुलिन मोजण्याची रीत सापडली आणि प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नसून उलट जास्तच असते, हे दिसून आले. १९६४ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली : तेवढेच ग्लुकोज शिरेतून देण्याऐवजी तोंडावाटे दिले, तर इन्सुलिन कितीतरी अधिक स्रवते. म्हणजे स्वादुपिंडाला रक्तातील साखरेखेरीज आतड्याकडूनही निरोप जातो. तो निरोप नेणारी संप्रेरके पुढच्या दोन दशकांत ओळखली गेली, आणि सध्या वजन व साखर उतरवण्यासाठी गाजत असलेली इंजेक्शने त्यांपैकीच एकाची किंवा दोहोंची नक्कल करतात.

पथ्याच्या बाबतीत वळण आले ते १९७० च्या दशकात. भरपूर कर्बोदके, पण सोबत भरपूर तंतुमय पदार्थ, असा आहार दिल्यावर काही मधुमेहींची औषधाची गरज घटल्याचे १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९७९ मध्ये अमेरिकेतील मधुमेहतज्ज्ञांच्या संघटनेने कर्बोदकांचा वाटा एकूण उष्मांकाच्या निम्म्याहून अधिक ठेवण्यास मान्यता दिली. मग साहजिकच प्रश्न आला की कोणती कर्बोदके? त्या वेळच्या आहारतक्त्यांत पावाचा तुकडा आणि तेवढ्याच कर्बोदकांची वाटीभर डाळ एकमेकांच्या बदल्यात चालत असत.

१९८१ मध्ये कॅनडातील एका गटाने ६२ पदार्थांची मोजणी करून हा समज मोडला. रीत सोपी आहे. रात्रभर उपाशी असलेल्या व्यक्तीला पचणारी ५० ग्रॅम कर्बोदके मिळतील इतका पदार्थ खायला द्यायचा, दोन तास ठरावीक अंतराने रक्तातील साखर मोजायची, आलेखात उपाशीपोटीच्या पातळीच्या वर जेवढे क्षेत्र भरते ते काढायचे आणि ५० ग्रॅम ग्लुकोजने भरणाऱ्या क्षेत्राशी त्याचे शेकडा प्रमाण मांडायचे. हाच त्या पदार्थाचा ग्लायसेमिक निर्देशांक. ५५ पर्यंतचा निर्देशांक कमी, ७० आणि त्यापुढचा जास्त, ही विभागणी नंतर रूढ झाली. कडधान्यांचा आकडा कमी आला, तो का आला याची कारणेही मिळाली, आणि १९८२ मध्ये त्याच गटाने न्याहारीला मसूर खाल्ल्यावर दुपारच्या जेवणानंतरची साखरही कमी चढते असे दाखवले. माझ्या मते त्या सगळ्या कामातला सर्वांत टिकाऊ भाग हाच होता आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेले.

लक्ष वेधले ते आकड्यांनी. १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी बोलावलेल्या तज्ज्ञगटाने कर्बोदकयुक्त पदार्थांची निवड करताना हा निर्देशांक वापरावा, अशी शिफारस केली. हा निर्णय तेव्हाही सर्वांना मान्य नव्हता आणि आक्षेपांत तथ्य होते. निर्देशांक सांगतो पदार्थाविषयी, पण मोजला जातो माणसात, आणि एकाच पदार्थाला दोन माणसांची, किंवा एकाच माणसाची दोन दिवशी मिळणारी, प्रतिक्रिया वेगळी असते. इस्रायलमध्ये ८०० जणांवर झालेल्या २०१५ च्या पाहणीने हा फरक किती मोठा असू शकतो ते दाखवले. तेला-तुपामुळे जठर उशिरा रिकामे होते, म्हणून तळलेल्या पदार्थाचा आकडा उतरतो, पण त्यामुळे शेव हे पथ्य ठरत नाही. फ्रुक्टोजचा आकडा फारच कमी आहे, कारण त्याचा निकाल बहुतांशी यकृतातच लागतो आणि रक्तातील ग्लुकोज फारसे हलत नाही. यकृतातील चरबीचे काय होते हे निर्देशांक विचारतच नाही. जळगावच्या केळ्याचेही तसेच आहे : कच्च्या केळ्यात न पचणारे पिष्ट पुष्कळ असते, फळ पिकताना त्याची साखर होते, त्यामुळे ‘केळ्याचा निर्देशांक’ असा एक आकडा सांगणे निरर्थक ठरते.

ज्वारीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १९९० च्या दशकात मधुमेही रुग्णांवर केलेल्या एका भारतीय मोजणीत ज्वारीच्या भाकरीचा निर्देशांक ७७ आला, म्हणजे प्रचलित विभागणीनुसार ‘जास्त’. पुढच्या काही मोजण्यांत तो बराच खाली आला. २०२१ मध्ये अशा अनेक मोजण्या एकत्र करून ज्वारी-बाजरीसारख्या भरडधान्यांचा सरासरी निर्देशांक सुमारे ५३, पॉलिश केलेल्या तांदळाचा सुमारे ७२ आणि मैद्याच्या वर्गातील गव्हाचा सुमारे ७४ असल्याचे मांडले गेले. हेच आकडे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात सर्वत्र फिरले. मात्र त्यांतली तुलना मैद्याशी आहे, आणि खानदेशातील घरात ज्या पोळीच्या जागी भाकरी येते ती कोंड्यासह दळलेल्या कणकेची असते. शिवाय निर्देशांकात खाल्लेले प्रमाण येत नाही. ५० ग्रॅम पचणारी कर्बोदके म्हणजे ज्वारीचे साधारण ७० ते ७५ ग्रॅम पीठ, एक भरदार भाकरी. प्रमाण हिशेबात घेणारा ‘ग्लायसेमिक भार’ (निर्देशांक गुणिले खाल्लेल्या कर्बोदकांचे ग्रॅम, भागिले १००) १९९७ मध्ये पुढे आला. निर्देशांक ६० धरला तर तीन भाकरींचा भार ९० होतो, आणि ७५ निर्देशांकाच्या पदार्थातून ५० ग्रॅमच कर्बोदके घेतली तर ३७.५. हा साधा गुणाकार पिठाच्या पिशवीवर कधी छापला जात नाही.

दरम्यान इन्सुलिनविषयी एक वेगळा वाद पेटला. कर्बोदकांमुळे इन्सुलिन वाढते, इन्सुलिन चरबी साठवते, म्हणून लठ्ठपणाचे मूळ कर्बोदकांत आहे, अशी मांडणी गेल्या दोन दशकांत फार लोकप्रिय झाली. २०१८ मध्ये ६०९ जणांच्या वर्षभराच्या चाचणीत कमी कर्बोदके आणि कमी चरबी या दोन्ही गटांचे वजन जवळपास सारखेच उतरले, आणि सुरुवातीला कोणाचे इन्सुलिन किती स्रवत होते यावरून निकालाचा अंदाज बांधता आला नाही. वजनाबाबत ती मांडणी त्यामुळे दुबळी ठरली, पण जेवणानंतरची साखर कर्बोदके घटवल्यावर उतरते हे त्यामुळे खोटे ठरत नाही. दोन्ही बाजूंचे समर्थक हा भेद सोयीनुसार विसरतात.

खानदेशातील ताटात मात्र धान्यापेक्षा जास्त काही बदलले. तापीच्या काठच्या काळ्या जमिनीत रब्बीला दादर ज्वारी होत असे. १९६४ नंतर संकरित ज्वारी आली, १९७२ च्या दुष्काळात परदेशी तांबडी ज्वारी (मिलो) खावी लागली, आणि पुढे शिधावाटपाच्या दुकानातून गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागल्यावर ज्वारीची जागा कापूस, मका आणि केळीने घेतली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचा दर किलोला १ रुपया, म्हणजे गहू व तांदळापेक्षाही कमी ठरवला होता. दुकानात प्रामुख्याने गहू आणि तांदूळच येत राहिले. शेतातील अंगमेहनतही याच काळात कमी झाली, आणि स्नायू चालते असले की ते इन्सुलिनशिवायही ग्लुकोज उचलतात, हे येथे विसरून चालत नाही.

जुनी भाकरी एकटी नसे, हे सल्ला देणारे सहसा सांगत नाहीत. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी भरितासोबत खाल्ली जाई, आणि तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुनके व डाळीचे रश्श्यात शिजवलेले डुबुकवडे यांमुळे धान्याच्या बरोबरीने डाळ पोटात जाई. प्रथिने आणि तंतू जठर सावकाश रिकामे करतात आणि आतड्यातील संप्रेरकांना चालना देतात.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात असे आढळले. महाराष्ट्र हे भरडधान्ये प्रामुख्याने खाणाऱ्या मोजक्या राज्यांत गणले गेले. त्याच पाहणीत, एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून तांदूळ किंवा मैद्याऐवजी कणीक अथवा भरडधान्याचे पीठ वापरण्याचा मधुमेहाचा धोका घटण्याशी संबंध दिसला नाही. कर्बोदकांतून येणाऱ्या उष्मांकांपैकी थोडा भाग डाळी वा दुधातील प्रथिनांकडे वळवण्याचा मात्र दिसला. अन्नसुरक्षा कायद्याने हमी दिलेल्या यादीत गहू, तांदूळ आणि भरडधान्य आहे, डाळ नाही.