घरफोडीनंतर: आधी दार, मग कॅमेरा
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरात चोरी झाली की पहिला फोन ११२ वर जातो. दुसरा बऱ्याचदा आम्हाला येतो: "उद्याच्या उद्या कॅमेरे बसवून द्या." त्यामागची घालमेल आम्ही ओळखतो. कपाटातले कपडे पलंगावर फेकलेले, देवघरातली चांदीची निरांजनंसुद्धा नेलेली, अशा घरात पुढचे कितीतरी दिवस धड झोप लागत नाही. तरी कॅमेऱ्याची घाई करू नका, असंच आम्ही सांगतो. कॅमेऱ्यात चोर दिसतो, अडत नाही. त्याला अडवायचं काम दाराचं.

पंचनामा होईपर्यंत

तोवर काहीच आवरू नका. तुटलेलं कुलूप, उचकटलेला कोयंडा, उघडी कपाटं जशीच्या तशी राहू द्या. ठसे तिथेच मिळतात. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्या. घराचा विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा. दागिन्यांच्या पावत्या सापडत नसतील तर लग्नाचे, बारशाचे फोटो शोधून ठेवा, गेलेला ऐवज पोलिसांना दाखवायला उपयोगी पडतात.

घरात, सोसायटीत किंवा समोरच्या दुकानात जुना कॅमेरा असेल तर त्याचं रेकॉर्डिंग पहिल्याच दिवशी राखून ठेवायला सांगा. चार २ मेगापिक्सेलचे कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने (म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट रेकॉर्डिंग) चोवीस तास चालले तर १ टीबीची हार्ड डिस्क साधारण ११ दिवसांत भरते. मग नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढतं. "तपासाला साहेब येतील तेव्हा बघू" म्हणत थांबलेल्यांच्या हाती काही लागलेलं नाही, हे आम्ही पाहिलं आहे. हार्ड डिस्क स्वतः काढू नका. असं रेकॉर्डिंग न्यायालयात पुरावा म्हणून जातं तेव्हा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. ते कसं द्यायचं हे पोलीस सांगतील, आम्हीही मदत करू.

दार

सिंहगड रस्त्याजवळच्या एका इमारतीत आम्ही चोरीनंतर गेलो होतो. कुलूप महागाचं, चांगलं जाडजूड. त्याला ओरखडासुद्धा नव्हता. कोयंडा मात्र चौकटीतून अख्खा निघून कुलपासकट लोंबकळत होता, आणि त्याच्या इंचभर स्क्रूंना लाकडाचा भुसा चिकटलेला होता. घरातल्या काकू पुन्हा पुन्हा एकच म्हणत होत्या, "कुलूप तर एवढं भारी होतं हो!" कुलूप भारीच होतं. ते ज्याच्यावर टांगलं होतं ते कच्चं होतं.

म्हणून आम्ही आलो की आधी चौकट ठोकून बघतो, बिजागऱ्या बघतो, दार भरीव आहे की पोकळ ते बघतो. कोयंडा ठेवायचाच असेल तर आरपार बोल्ट घालून आतून नट आवळतो. बिजागऱ्यांना आणि कुलपाची जीभ जिथे शिरते त्या पट्टीला तीन इंची स्क्रू लावतो, म्हणजे ते चौकटीत खोलवर पकडतात. खर्चाच्या मानाने एवढा फरक पाडणारं दुसरं काम आमच्याकडे नाही.

शक्य असेल तर बाहेर लटकणारं कुलूप वापरणंच बंद करा. घरात कोणी नाही, हे ते जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतं. दाराच्या आत बसणारं कुलूप बाहेरून पाहून घर बंद आहे की आत माणसं झोपली आहेत, हे कळत नाही. आणखी एक. एखादा फ्लॅट फोडताना मजल्यावरच्या बाकीच्या दारांना बाहेरून कड्या लावायच्या, ही चोरट्यांची जुनी रीत आहे. शेजारी ओरडा ऐकून उठले तरी बाहेर येऊ शकत नाहीत. तुमच्या दाराला बाहेरून कडी असेल तर ती काढून टाका. शेजाऱ्यांनाही सांगा.

बाल्कनीचं सरकतं दार आणि बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्या विसरू नका. ग्रिल बसवताना आग लागली तर बाहेर पडायला उघडणारा एक भाग ठेवाच, किल्ली घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. पूर्ण बंद पिंजरा आम्ही कुणालाही सुचवत नाही.

अलार्म

दाराला मॅग्नेटिक सेन्सर, हॉलमध्ये हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर आणि हाताला सहज न लागणारा हूटर (भोंगा), लहान फ्लॅटला एवढं पुरतं. पीआयआर हलणारी उष्णता ओळखतो, त्यामुळे तो उन्हाच्या खिडकीसमोर लावू नये. त्याच्यावर पाल फिरली तरी हूटर वाजतो. दोन-तीनदा असं झालं की लोक अलार्म बंद करून ठेवतात, म्हणून सेन्सर पुसून स्वच्छ ठेवा. फोन लावणाऱ्या अलार्मच्या सिमचं रिचार्ज तुमच्या मोबाइलसारखंच संपतं. ती तारीख कॅलेंडरवर लिहा.

आता कॅमेरा

तो छताला टांगला की डोक्यावरची टोपी तेवढी दिसते. जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर, येणाऱ्याचा चेहरा समोरून येईल असा हवा, आणि शेजाऱ्यांच्या दारात डोकावणारा नको. रात्री काचेआडून काही दिसत नाही, कॅमेऱ्याचाच इन्फ्रारेड प्रकाश काचेवरून उलटा येतो. तोंडाशी कोळ्याचं जाळं असेल तर तेच पांढरंफटक चमकतं. महिन्यातून एकदा केरसुणी फिरवा.

चोर जाताना डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारी पेटी) उचलून नेतात, कारण टीव्हीखाली तो समोरच दिसतो. आम्ही तो माळ्यावर किंवा हवा खेळती राहील अशा कुलूपबंद कपाटात बसवतो. दाराच्या कॅमेऱ्यात मेमरी कार्ड वेगळं असलेलं बरं. पुष्कळ इमारतींत मीटरची पेटी खाली उघड्यावर असते, तिथून वीज बंद करता येते. त्यामुळे डीव्हीआर, कॅमेरे आणि वायफायचा राउटर, तिघांनाही बॅटरी हवी. राउटर विसरला तर मोबाइलवर काहीच येत नाही. डीव्हीआरचं घड्याळही बरोबर ठेवा, वीस मिनिटं मागे असेल तर तपासात गोंधळ होतो.

काम संपलं की कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीने दिलेला पासवर्ड आम्ही तुमच्याच हाताने बदलून घेतो. टाइप करताना आमचा माणूस दाराबाहेर उभा राहतो. नवा पासवर्ड आम्हाला सांगू नका. पुढे दुरुस्तीला आलो तरी तो तुम्हीच टाकायचा.