बोपण्णा नंबर वन, मंग जोकोविच कितवा? सिंगल्सवाला आणि डबल्सवाला यातला फरक

२०२४ चा जानेवारी. तूर काढायचे दिवस, हडंबेवाला आज येतो उद्या येतो करत होता आणि आम्ही चारपाच जण एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर बसून होतो. मोबाईलवर बातमी आली का आपला टेनिसवाला रोहन बोपण्णा जगात नंबर वन झाला, वय ४३, आणि दोनतीन दिवसात ऑस्ट्रेलियन ओपनही जिंकला. सदाकाकांनी कप खाली ठेवला. "मंग तो जोकोविच कितवा झाला आता?"

म्हटलं काका, तोही नंबर वनच हाय.

"अबे, एका गावात दोन सरपंच असते का?"

दोन सरपंच नसते, पण सरपंच आणि पोलीस पाटील तं असते ना. दोघंही गावचे, खुर्ची वेगळी. टेनिसमध्ये सिंगल्सची (एकास एक) यादी वेगळी, डबल्सची (दोघांसमोर दोघं) वेगळी, दोन्हीत मागच्या ५२ आठवड्यांचे पॉइंट मोजतात आणि एकीकडचा पॉइंट दुसरीकडं चालत नाही. गंमत अशी का डबल्सची रँकिंगसुद्धा जोडीची नसते, एकेका माणसाची असते. बोपण्णा मॅथ्यू एबडेनसोबत जिंकला, तरी तेव्हा नंबर वन फक्त बोपण्णा झाला, एबडेन त्या वेळी मागं राहिला, कारण ज्याचे त्याचे पॉइंट ज्याच्या त्याच्या खात्यात.

हे तं काकांना पटलं. पण पुढचा घोळ मोठा आहे, आणि तो शिकलेसवरले लोकही करतात. डबल्स खेळणारा आणि डबल्स स्पेशालिस्ट हे दोघं एक नाहीत. सिंगल्सचा मोठा खेळाडू कधीमधी हौसेनं, नाहीतर देशासाठी डबल्स खेळतो. स्पेशालिस्टचं पोटच त्याच्यावर. आणि लोकांना वाटते का सिंगल्स जमलं नाही म्हणून हा इकडं आला, खरा पहिलवान तं तोच, हा जोडीला उभा राहणारा.

याचं उत्तर त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एकाच ठिकाणी, त्याच आठ दिवसांत मिळालं. एबडेनला ऐनवेळी दुसऱ्या एका खेळाडूच्या जागी सिंगल्समध्ये उभं केलं आणि समोर आला जोकोविच. ६-०, ६-१. अक्षरशः धुतला. आता कोणी म्हणेल पाहा, आम्ही म्हणत नव्हतो? पण तिकडं डबल्समध्ये नदाल आणि अल्काराझ एकत्र उतरले होते, अल्काराझनं त्याच उन्हाळ्यात फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन दोन्ही मारलेलं, आणि नदालनं रोलँ गॅरोसच्या त्याच मातीवर १४ वेळा फ्रेंच ओपन जिंकलेली. त्यांना क्वार्टर फायनलमध्ये ऑस्टिन क्रायचेक आणि राजीव राम यांनी ६-२, ६-४ असं घरी पाठवलं. ही दोन नावं आमच्या टपरीवर कोणालाच माहीत नव्हती. आणि त्या क्रायचेक-रामला फायनलमध्ये कोणी हरवलं? जोकोविचनं धुतलेल्या त्याच एबडेननं, जॉन पीअर्सला सोबत घेऊन.

म्हणजे एबडेन चांगला का वाईट हा प्रश्नच चुकीचा, कशात ते विचारा.

काकांना मी हे शंकरपटावरून, म्हणजे बैलजोडीच्या शर्यतीवरून सांगितलं. तळेगाव दशासरच्या पटात दोन तालुक्यातले दोन तगडे बैल आणून एका जुवाखाली लावले तर जोडी पळते का? एक पुढं ओढते, एक बाहेर फाकते, धुरकऱ्याचा जीव जातो. त्यात एखादा बैल उजवीकडं जुंपायची सवय असलेला, त्याला डावीकडं लावला का डोकंच फिरते. डबल्समध्ये हुबेहूब हेच आहे. सर्व्हिस घेताना कोण उजव्या बाजूला आणि कोण डाव्या बाजूला हे सेटच्या सुरुवातीला ठरते, पूर्ण सेटभर बदलत नाही, आणि बरेच स्पेशालिस्ट वर्षानुवर्षं एकाच बाजूनं खेळतात. ब्रायन बंधूंचं पाहा, जुळे भाऊ, बॉब डावखुरा, माईक उजव्या हाताचा, दोघांनी मिळून १६ ग्रँड स्लॅम (टेनिसच्या सगळ्यात मोठ्या चार स्पर्धा) काढले.

कोर्टाचं माप घ्या. लांबी दोन्हीत ७८ फूट, पण रुंदी सिंगल्सला २७ आणि डबल्सला ३६ फूट, दोन्ही अंगाला साडेचार-साडेचार फुटाची पट्टी जास्त. माणशी पाहिलं तर १८ फूटच येते, म्हणून पळणं कमी. पण वेळही कमी, कारण समोर जाळीजवळ एक माणूस हात पसरून उभाच असतो आणि तुमचा जरासा वर उठलेला बॉल तो तिथंच मारतो. त्यामुळं सिंगल्समध्ये मागून ताकदीनं मारलेला जो फटका भारी दिसतो तोच इथं अंगावर येतो. इथं रिटर्न, म्हणजे सर्व्हिसला दिलेला जवाब, पाहिजे खाली, पायाशी. पहिली व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आधीच मारलेला फटका, पाहिजे. जाळीजवळचा माणूस पाठीमागं बोटं करून जोडीदाराला इशारा देतो का मी आता आडवा पळणार, टीव्हीवर ते पाहून आमच्या पोट्ट्यांना वाटायचं पाठ खाजवून राह्यला.

स्कोअरही वेगळा. टूरवर डबल्समध्ये ४०-४० झालं का पुढचा एकच पॉइंट, जो मारेल त्याचा गेम, आणि सेट १-१ झाले तर तिसरा सेट नाही, १० पॉइंटचा टायब्रेक. मॅच आटोपशीर राहते, शरीर जास्त वर्षं टिकते. तरी बोपण्णाच्या गुडघ्यातलं कार्टिलेज झिजून गेलेलं, अय्यंगार योगा करकरून तो पुन्हा उभा राहिला, त्यामुळं डबल्स म्हणजे म्हाताऱ्यांचा खेळ असं म्हणणाऱ्यांनी आधी तेवढं करून दाखवावं.

आता सुरुवात कोणी डबल्सपासून करते का? सहसा नाही. बोपण्णाची सिंगल्समधली सगळ्यात चांगली रँकिंग २१३, एवढ्या रँकिंगवर ग्रँड स्लॅमच्या मेन ड्रॉमध्ये (मुख्य स्पर्धेत) सरळ शिरता येत नाही. युकी भांबरी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनियर चॅम्पियन, सिंगल्समध्ये ८३ पर्यंत गेला, दुखापतींनी पिळून काढला, मग डबल्सकडं वळला आणि २०२५ मध्ये मायकल व्हीनससोबत यूएस ओपनच्या सेमीफायनलला पोचला. सानिया मिर्झा तं सिंगल्समध्ये २७ वी होती, मनगटानं साथ सोडली, २०१५ मध्ये डबल्सची नंबर वन झाली. म्हणजे बरेच जण मजबुरीनं येतात हे खरंच आहे, मी नाही म्हणत नाही, पण आल्यावर जे शिकावं लागते ते सिंगल्समध्ये कोणी शिकवत नाही.

जोडीदाराचं म्हणाल तं आपल्याकडचा सालगडी जसा पाडव्याला ठरते तसंच जवळपास. सीझन संपत आला का फोनाफोनी, कोण कोणासोबत. बोपण्णा-एबडेन २०२४ संपताना वेगळे झाले.

पैशात मात्र उघड अन्याय आहे. त्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये सिंगल्स जिंकणाऱ्या यानिक सिनरला साडेएकतीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि बोपण्णा-एबडेनला दोघांत मिळून ७ लाख ३० हजार. वाटणी केली तर माणशी साडेतीन लाखाच्या थोडं वर, त्यातूनच कोच, फिजिओ, विमानाची तिकिटं. वरून डबल्समध्ये नाव टाकताना सिंगल्सची रँकिंगही चालते, म्हणून सिंगल्सवाला इकडं जागा खाऊ शकतो. स्पेशालिस्टला तिकडं कोण विचारते?

पॅरिस झाल्यावर, पोळ्याच्या आधी, फवारणीचा पंप खाली ठेवून काका परत टपरीवर आले. एबडेनचं डबल्सचं गोल्ड तं होतंच, जोकोविचनंही तिथंच सिंगल्सचं गोल्ड घेतलेलं होतं. "मंग दोघायचं मेडल सारखंच?"

हाव काका, ५२९ ग्रॅम, वजनात फरक नाही, आणि मधात आयफेल टॉवरच्या लोखंडाचा तुकडा.

"सोन्याच्या मेडलमंधी लोखंड कायले टाकलं बाप्पा?"