मुलांमधला मधुमेह: टाईप १ आणि टाईप २ यांत गल्लत नको

मुलाला मधुमेह झाला की पहिला शेरा ठरलेला असतो: "गोड फार खात असेल." टाईप १ मधुमेहाच्या बाबतीत हे साफ खोटं आहे. आधीच हादरलेल्या आईवडिलांवर त्याचा दोष टाकणं हा अन्यायच.

टाईप १ मध्ये रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी नष्ट करते. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन बनतं ते याच पेशींत, त्यामुळे ते जवळपास संपतंच. टाईप २ मध्ये इन्सुलिन बनतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. तिथे वाढलेलं वजन आणि आनुवंशिकता यांचा मोठा वाटा असतो. मुलांमध्ये तो बहुधा वयात येताना किंवा त्यानंतर दिसतो. मानेवर काळपट, मखमली पट्टे हीही त्याची एक खूण. टाईप १ मात्र अगदी तान्ह्या वयातही होऊ शकतो, आणि बहुतेक मुलांच्या घरात तो आधी कुणालाच नसतो.

खरा धोका वेगात आहे. टाईप २ वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. टाईप १ काही दिवसांत किंवा आठवड्यांत उघडा पडतो: सतत तहान, सारखी लघवी, झपाट्याने घटणारं वजन, थकवा. अंथरूण ओलं करणं थांबलेलं मूल पुन्हा करू लागतं. दुर्लक्ष झालं तर रक्तात आम्ल साचतं, मग उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास. याला पोट बिघडलं समजून एक-दोन दिवस वाट पाहणं जिवावर बेतू शकतं. बोटातल्या थेंबभर रक्ताने ग्लुकोमीटरवर साखर लगेच कळते. ती वाढलेली दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

नुसत्या अंगकाठीवरून निदान करू नये. जाड मुलालाही टाईप १ होतो. अशा वेळी रक्तातल्या अँटीबॉडी (बीटा पेशींवरच्या हल्ल्याची खूण) आणि सी-पेप्टाईड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं हे सांगणारा घटक) तपासतात.

टाईप २ मध्ये आहार, व्यायाम आणि मेटफॉर्मिन या साखर कमी करणाऱ्या गोळीचा उपयोग होतो, काहींना इन्सुलिनही लागतं. वजन घटवून गोळ्या सुटलेला एखादा नातेवाईक मग टाईप १ च्या मुलालाही तोच सल्ला देतो. तो अजिबात ऐकू नये, कारण इथे इन्सुलिन बंद करणं म्हणजे मृत्यूला बोलावणं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याआधी या आजारावर जीव वाचवणारा उपायच नव्हता.

प्रमाण दोन्हींचं वाढतंय. अमेरिकेत २००२ ते २०१८ या काळात मुलं आणि तरुणांमध्ये टाईप १ चे नवे रुग्ण दरवर्षी सुमारे २ टक्क्यांनी वाढले, टाईप २ चे ५ टक्क्यांहून थोड्या जास्त वेगाने. टाईप २ च्या वाढीमागे लठ्ठपणा आहे. टाईप १ चं कोडं अजून सुटलेलं नाही. जनुकं इतक्या लवकर बदलत नाहीत, म्हणून संशय भोवतालावर आहे, विशेषतः एंटेरोव्हायरससारख्या विषाणूंवर.

टाईप १ च्या अँटीबॉडी लक्षणांच्या कितीतरी आधी रक्तात सापडतात. म्हणून रुग्णाच्या भावंडांची तपासणी महत्त्वाची. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं टेप्लिझुमॅब हे औषध लक्षणांआधीच्या या टप्प्यात दिलं, तर आजार सरासरी दोनेक वर्षं लांबतो.